कॉम्प्रेशन कमी दाखवणारे इंजिन: आधी गळती शोधावी, मग इंजिन बांधायचे की बदलायचे ते ठरवावे

घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ पूर्वी सहज ओलांडणारी गाडी दमू लागते, सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, सिग्नलला उभी असताना थरथरते आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये लिटरभर ऑइल खाते. मग कोणीतरी चालू इंजिनाची ऑइलची टोपी काढतो, वर येणाऱ्या धुरावर तळहात धरतो आणि सांगतो की बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने खाली निसटते आहे, इंजिन उघडावे लागेल. ठाण्यात आणि नवी मुंबईत मी जितकी वर्षे हे काम करत आहे, तितकी वर्षे हे वाक्य ऐकत आलो आहे. आणि ज्या इंजिनांबद्दल ते उच्चारले गेले, त्यांतली बरीच इंजिने खालपर्यंत उघडण्याची गरजच नव्हती. कॉम्प्रेशन कमी असणे हे तापासारखे आहे. ताप मोजल्याने रोगाचे नाव कळत नाही. हवा नेमकी कोणत्या वाटेने निसटते आहे हे कळल्याशिवाय हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) बोल्टला पाना लावू नये, या आग्रहापोटी हा लेख लिहिला आहे. आयटीआयमधून नुकतेच गॅरेजमध्ये आलेले विद्यार्थी आणि हातात पडलेले एस्टिमेट समजून घेऊ पाहणारे गाडीमालक, असे दोन्ही वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

हवा किती दाबली जाते आणि कुठून निसटते

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा साधारण नऊ ते अकरा पटींनी दाबली जाते. डिझेल इंजिनात हेच प्रमाण सोळा पटींपासून जुन्या इंजिनांमध्ये बावीस पटींपर्यंत असते. दाबताना हवा तापते, म्हणून गेजवरचा आकडा नुसत्या गुणाकारापेक्षा जास्त येतो. दहा पट दाब देणाऱ्या निरोगी पेट्रोल इंजिनात तो बहुधा १६० ते १९० पीएसआय, म्हणजे ११ ते १३ बारच्या आसपास दिसतो, तर डिझेलमध्ये २५ ते ३० बारपर्यंत जातो. तरीही हातातल्या इंजिनाची खरी मर्यादा त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावी, कारण इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करणाऱ्या काही नव्या इंजिनांचा निरोगी आकडाही यापेक्षा कमी असतो.

निसटण्याच्या वाटा मोजक्या आहेत. पिस्टनच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधून हवा खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाते. इनटेक व्हॉल्व्ह सीटवर नीट बसला नसेल तर ती एअर फिल्टरकडे जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसला नसेल तर सायलेन्सरकडे जाते. आणि हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील) फाटले असेल तर शेजारच्या सिलिंडरमध्ये किंवा कूलंटमध्ये शिरते. हेडला किंवा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) चीर गेली असेल तरीही लक्षणे गॅस्केट फाटल्यासारखीच दिसतात. याखेरीज एक शक्यता नवख्यांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे हवा कुठेच निसटत नसते, तर मुळात पुरेशी आत आलेलीच नसते किंवा पुरेशी दाबली गेलेली नसते. टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकणे, कॅमशाफ्टचा उंचवटा झिजणे आणि कनेक्टिंग रॉड वाकणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

पाना हातात घेण्याआधी

आधी गाडीमालकाशी पाच मिनिटे बोलावे. गाडी कधी तापून बंद पडली होती का, पावसाच्या पाण्यातून गेली होती का, सीएनजी किट कधी बसवले, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट) शेवटचे कधी तपासले, टायमिंग बेल्ट कधी बदलला आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किती महिने उभी होती, या प्रश्नांची उत्तरे अर्धे निदान करून देतात. पिकअप कमी होण्याचे कारण खराब प्लग, मेलेली कॉईल, इंधनाचा कमी दाब, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, घसरणारा क्लच किंवा चिकटलेला ब्रेकही असू शकते, म्हणून ते सारे आधी पाहून घ्यावे.

त्यानंतर इंधन बंद ठेवून सेल्फ मारावा आणि नुसते ऐकावे. निरोगी चार सिलिंडरचे इंजिन सेल्फवर एका लयीत फिरते. एक सिलिंडर पडलेला असेल तर त्याच्या पाळीला सेल्फ क्षणभर सैल धावतो आणि लय लंगडते. सगळेच इंजिन अडथळ्याशिवाय भर्रकन फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची किंवा सरकल्याची शंका घ्यावी आणि पुन्हा सेल्फ मारू नये, कारण अनेक इंजिनांमध्ये अशा वेळी पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात. उलट, सेल्फ मध्येच टक्कन अडकत असेल तर सिलिंडरमध्ये पाणी, कूलंट किंवा पेट्रोल साचलेले असू शकते. अशा इंजिनाला प्लग काढल्याशिवाय पुन्हा फिरवू नये.

धुराचा रंगही पाहून ठेवावा. वेग वाढवताना निळा धूर आला तर रिंगकडे संशय जातो. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना एकदाच निळा धूर सोडला, किंवा उतारावर पाय उचलून पुन्हा दाबल्यावर सोडला, तर व्हॉल्व्ह सील आणि गाइडकडे. गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंटचा असतो.

गेज लावण्याची पद्धत

या चाचणीत चुकीचा आकडा येणे फार सोपे आहे, म्हणून तयारीत कसूर करू नये. बॅटरी पूर्ण चार्ज असावी, म्हणजे विसाव्यात १२.६ व्होल्टच्या आसपास. सेल्फ हळू फिरला तर चारही सिलिंडर विनाकारण कमी दाखवतात. इंजिन गरम करून घ्यावे, पण प्लग काढताना हेडच्या ॲल्युमिनिअमचे आटे निघून येणार नाहीत इतपत त्याला उसंत द्यावी. प्लग काढण्याआधी त्यांच्या खाचांमध्ये हवा मारावी. आपल्याकडे पावसाळ्यात त्या खाचांमध्ये चिखलपाणी आणि खडीची कचही सापडते, आणि ती सिलिंडरमध्ये पडली तर चाचणीनेच बोअरवर ओरखडा जातो. चारही प्लग काढावेत आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कापडावर मांडावेत, कारण त्यांच्या टोकांवरचा काळेपणा, ओलेपणा किंवा अनैसर्गिक स्वच्छपणा हाही पुरावाच असतो. कूलंटची वाफ लागलेला प्लग बहुधा धुतल्यासारखा दिसतो.

इंजेक्टरची आणि कॉईलची जोडणी काढावी, सीएनजी गाडीत टाकीचा व्हॉल्व्हही हाताने बंद करावा. थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असल्यास सहकाऱ्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि फ्लॅप खरोखर उघडला की नाही ते डोळ्यांनी पाहावे. तो बोटाने ढकलू नये. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेल्या वाचनाला काहीच अर्थ नसतो, आणि तरीही मी अशी वाचने घेऊन ‘रिंग गेल्या’ असे सांगणारे लोक पाहिले आहेत.

गेज आट्यांनी बसणारे वापरावे; रबरी टोक दाबून धरायचे गेज हात हलला की वीस-तीस पीएसआय चुकवते. प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा कॉम्प्रेशन होईपर्यंत सेल्फ मारावा, आणि शेवटचा आकडा जसा लिहायचा तसा पहिल्या झटक्याचा आकडाही लिहावा. पहिल्या झटक्याला कमी येऊन पुढे प्रत्येक झटक्याला चढत जाणारा आकडा रिंगकडे बोट दाखवतो. पहिल्या झटक्यालाही कमी आणि पुढेही फारसा न चढणारा आकडा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. सर्व सिलिंडर झाल्यावर संपूर्ण चाचणी एकदा पुन्हा करावी.

डिझेल इंजिनाला पेट्रोलचे गेज कधीही लावू नये, ते फुटते. तिथे ग्लो प्लगच्या (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या) किंवा इंजेक्टरच्या जागी बसणारे, ७० बारपर्यंत मोजणारे गेज लागते. कॉमन रेलच्या इंजिनात इंजेक्टरांची वीजजोडणी आधी तोडावी लागते, आणि चालू इंजिनात उच्च दाबाच्या पाइपला हात लावणे जिवावर बेतू शकते. इंजेक्टर काढल्यास त्याखालचा तांब्याचा वॉशर नवा घालावा. मोटरसायकल आणि स्कूटरच्या बाबतीत एक वेगळी दक्षता आहे: अनेक छोट्या इंजिनांत सेल्फ हलका जावा म्हणून कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेशनची योजना असते आणि ती सेल्फच्या वेगाला थोडी हवा मुद्दाम सोडते, त्यामुळे तिथे कमी आकडा दिसणे स्वाभाविक असते.

आकड्यांचा अर्थ

जुना आणि अजूनही उपयोगी ठोकताळा असा की सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्त सिलिंडरच्या ७५ टक्क्यांखाली जाऊ नये. अनेक उत्पादक यापेक्षा कडक, म्हणजे सिलिंडरांमध्ये १ बारच्या आसपासच फरक चालवून घेतात. मला स्वतःला एकूण आकड्यापेक्षा हा आपसांतला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. चारही सिलिंडर १४५ पीएसआय दाखवणारी, दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी थकलेली असते पण समतोल असते आणि ती अजून काही वर्षे निमूटपणे चालू शकते. १७५, १७०, ९५, १७२ दाखवणाऱ्या गाडीत मात्र एका ठिकाणी ठोस बिघाड झालेला असतो आणि तो वाढतच जातो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधले गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी असते. चारही एकदम आणि सारखे पडले असतील तर आधी टायमिंगच्या खुणा जुळतात का ते पाहावे.

ठाणे आणि नवी मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे इथे आकड्यांत दुरुस्ती करावी लागत नाही. तेच इंजिन महाबळेश्वरला, साधारण साडेतेराशे मीटरवर मोजले तर हवा विरळ असल्याने आकडा सुमारे १२ ते १५ टक्के कमी येईल. घाटमाथ्यावरच्या गॅरेजमधला कागद घेऊन कोणी आले तर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता ओली चाचणी करावी. ज्या सिलिंडरचा आकडा कमी आहे त्यात प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर इंजिन ऑइल सोडावे, सेल्फने दोन-तीन फेरे देऊन ते पसरू द्यावे आणि पुन्हा मोजावे. ऑइल रिंगभोवती तात्पुरती सील तयार करते, त्यामुळे आकडा ३०-४० पीएसआयने उसळला तर गळती रिंग आणि बोअरमधून आहे. जवळजवळ तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये ही चाचणी करू नये: वरची मोकळी जागा इतकी कमी असते की जरा जास्त ऑइलनेही पिस्टन अडकू शकतो. आणखी एक फसवा प्रसंग आहे. पुन्हा पुन्हा सेल्फ मारून ओव्हरफ्लो झालेल्या गाडीत पेट्रोल बोअरवरचे ऑइल धुऊन टाकते आणि निरोगी रिंगही कॉम्प्रेशन धरत नाहीत. तिथे ओल्या चाचणीने आकडा वर आला म्हणून रिंग बदलायला घेऊ नयेत. गाडी सुरू करून, चांगली गरम करून, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे.

लीक-डाउन चाचणी: कानाने गळती शोधणे

कॉम्प्रेशन गेजने सिलिंडर कोणता ते कळते, लीक-डाउनने वाट कळते. ही चाचणी करायला अर्धा तास जास्त लागतो म्हणून ती टाळली जाते, आणि त्या अर्ध्या तासापायी मालकाचे हजारो रुपये नको त्या कामावर जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्याच्याकडे एअर कॉम्प्रेसर आहे त्याने दोन गेजचा लीक-डाउन टेस्टर घेतलाच पाहिजे.

तपासायचा सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. क्रँकच्या बोल्टवर लावलेला पाना आणि सॉकेट हवा सोडण्याआधी काढून घ्यावेत, कारण पिस्टन किंचित खाली असला तर हवेचा दाब क्रँक झटक्याने फिरवतो आणि पाना मनगट मोडू शकतो. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना अडण लावावी. मग टेस्टरमधून साधारण १०० पीएसआय हवा सोडावी आणि दुसऱ्या गेजवर किती टक्के हवा निसटते ते वाचावे. दहा टक्क्यांपर्यंतची गळती उत्तम, वीस टक्क्यांपर्यंतची चालण्याजोगी. तिसाच्या पुढे काम निघाले असे समजावे.

यानंतर आजूबाजूचे पंखे आणि ग्राइंडर बंद करून शांतपणे ऐकावे. एअर फिल्टरच्या बाजूला, थ्रॉटलच्या तोंडाशी फुसफुस असेल तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या टोकाशी असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइलच्या टोपीतून किंवा डिपस्टिकच्या नळीतून असेल तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट किंवा चीर. शेजारच्या प्लगच्या भोकातून येत असेल तर दोन सिलिंडरांमधले गॅस्केट. ऑइलच्या टोपीशी थोडासा आवाज प्रत्येक इंजिनात येतो, कारण रिंगच्या तोंडात फट ठेवलेलीच असते. टोपीवर हात ठेवून केलेले निदान म्हणूनच बेभरवशाचे आहे.

या चाचणीचा सर्वांत मौल्यवान निकाल मात्र वेगळाच असतो: कॉम्प्रेशन कमी, पण लीक-डाउन उत्तम. म्हणजे सिलिंडर बंदिस्त आहे, तरीही दाब तयार होत नाही. इथे कॅम, रॉकर, टायमिंग किंवा वाकलेला कनेक्टिंग रॉड यांच्याकडे वळावे.

आपल्या भागातली दोन खास कारणे

पहिले कारण सीएनजी. महानगर गॅसच्या पंपांवर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षा, टॅक्सी आणि घरगुती गाड्या पाहिल्या की इथल्या इंजिनांचे आयुष्य कोणत्या इंधनावर जाते ते कळते. सीएनजी कोरडे जळते. व्हॉल्व्ह आणि सीटला पेट्रोलच्या थेंबांचा जो थोडा गारवा आणि ओलावा मिळतो तो इथे मिळत नाही. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो आणि त्यामुळे टॅपेटची फट वाढण्याऐवजी कमी होत जाते. आवाज येत नाही म्हणून कोणी तपासत नाही. एके दिवशी फट संपते, गरम झालेला व्हॉल्व्ह लांबून पूर्ण बंद होईनासा होतो, त्याच्या कडेवरून पेटती हवा निसटू लागते आणि ती कड जळते.

कळव्याहून माझ्याकडे आलेल्या एका टॅक्सीला दुसरीकडे फुल इंजिनाचे, म्हणजे सगळे इंजिन उघडून बांधण्याचे, एस्टिमेट दिलेले होते. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा ८५ होता, ऑइल टाकूनही तो ९० च्या पुढे गेला नाही आणि लीक-डाउनला सायलेन्सरमधून स्पष्ट फुसफुस येत होती. एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पात्यांचे) सर्वांत पातळ पानही जाईना. टॅपेट सेट केल्यावर तोच सिलिंडर १५० वर आला आणि हेड उतरवावेच लागले नाही. आणखी दोन महिने ती तशीच चालली असती तर व्हॉल्व्ह जळून हेडचे काम निघाले असते. पण तेव्हाही रिंग आणि बोअरला हात लावण्याचे कारण नव्हते. सीएनजी गाडीची कॉम्प्रेशन चाचणी थंड आणि गरम अशी दोनदा घ्यावी. गरम झाल्यावर एका सिलिंडरचा आकडा ठळकपणे पडत असेल तर टॅपेट आधी पाहावे.

दुसरे कारण पाऊस. वंदना टॉकीजच्या परिसरासारख्या सखल ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी रेटली आणि एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी आत गेले, तर पाणी दबत नसल्यामुळे पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी रॉड थोडासाच वाकतो, पाणी काढल्यावर गाडी सुरू होते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. काही महिन्यांनी मात्र आवाज, ऑइलचा खप आणि कमी कॉम्प्रेशन घेऊन ती परत येते. वाकलेल्या रॉडमुळे पिस्टन पूर्ण वर पोचत नाही, म्हणून कॉम्प्रेशन कमी पण लीक-डाउन चांगले असा तो निकाल मिळतो. खात्री करायला प्लगच्या भोकातून एक सरळ, बोथट सळई पिस्टनवर टेकवून प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन किती वर येतो ते मोजावे. एक मिलिमीटरचाही फरक असेल तर रॉड वाकलेला समजावा. असे इंजिन अजिबात चालवू नये, कारण रॉड तुटून ब्लॉक फुटला की बांधायला काही उरत नाही. विम्याची पॉलिसीही या वेळी काढून पाहावी. पाण्यामुळे झालेले इंजिनाचे आतले नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारले जाते आणि त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे ॲड-ऑन लागते.

बांधावे की बदलावे

निदान झाल्यावर काम तीन पातळ्यांवर पडते. गळती व्हॉल्व्हची किंवा गॅस्केटची असेल तर फक्त हेड उतरवावे. हेडची पातळी सरळ पट्टी आणि फीलर गेजने लांबीत, रुंदीत आणि तिरकी तपासावी; साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग करून (पृष्ठभाग मशीनवर सपाट करून) घ्यावे. व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणे), गरज असेल तिथे सीट कटिंग, नवे व्हॉल्व्ह सील आणि नवे गॅस्केट एवढ्यात काम संपते. ज्या हेड बोल्टांना ठरावीक टॉर्कने आवळल्यावर आणखी काही अंशांत फिरवायचे असते ते बहुतेक ठिकाणी पुन्हा वापरता येत नाहीत. ते नवेच घ्यावेत. मात्र एक इशारा द्यायला हवा: खूप झिजलेल्या रिंगवर नुसते हेड ताजे केले की वरची बाजू घट्ट होते आणि ऑइलचा खप पूर्वीपेक्षा जास्त जाणवू लागतो. म्हणून हेड उतरवण्याआधीच रिंगची अवस्था लीक-डाउनने मोजून ठेवावी.

गळती रिंगची असेल तर बोअर मोजल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा, असा सहा जागी बोअर गेजने मोजावा. वरची रिंग जिथून परत खाली वळते तिथे झीज सर्वाधिक असते; नखाला तिथे कड लागणे ही पहिली खूण. बोअर मॅन्युअलच्या मर्यादेत असेल, फक्त रिंग झिजल्या किंवा कार्बनने चिकटल्या असतील, तर होनिंग करून (बोअरची भिंत बारीक दगडांनी घासून) नव्या रिंग आणि बेअरिंग घालता येतात. गॅरेजच्या बोलीत यालाच हाफ इंजिन म्हणतात. मर्यादेबाहेर गेला असेल तर बोअरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, अथवा नवे लायनर, आणि क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) ओरखडे असतील तर ग्राइंडिंग. हे झाले फुल इंजिन. झिजून लांबट-गोल झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंग कोंबून स्वस्तात हाफ इंजिन करून देणे ही मला फसवणूकच वाटते, कारण त्या रिंग काही हजार किलोमीटरही धरत नाहीत.

अशा कामासाठी आपण नशीबवान आहोत. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा तिची पहिली औद्योगिक वसाहत वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली, आणि खाडीपलीकडे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्राचा) पट्टा पसरला. अचूक मशीनकाम करणारे हात या भागात आजही मिळतात. तरीही लेथवाल्याकडे नुसता ब्लॉक पाठवू नये, नवे पिस्टन सोबत द्यावेत, कारण बोअर छापील मापाला नव्हे तर हातातल्या पिस्टनच्या मापाला कापायचा असतो. काम झाल्यावर प्रत्येक बोअरचे माप कागदावर लिहून मागावे, आणि ब्लॉक घरी आल्यावर गरम पाणी, साबण आणि ब्रशने बोअर अशा रीतीने धुवावेत की पांढरे कापड फिरवल्यावर पांढरेच बाहेर यावे. होनिंगची बारीक धूळ आत राहिली तर नव्या रिंग पहिल्याच आठवड्यात झिजतात.

इंजिन बदलण्याचा विचार मी पुढील प्रसंगी करतो: ब्लॉकला चीर गेली आहे, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला आहे, क्रँक घासून लहान करण्याच्या शेवटच्या मापाच्याही (अंडरसाइजच्या) पलीकडे गेला आहे, बोअर आधीच शेवटच्या ओव्हरसाइजवर आहे, किंवा त्या ॲल्युमिनिअम ब्लॉकला ओव्हरसाइज पिस्टनच मिळत नाहीत. कंपनीचा शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचे नवे, जोडलेले खालचे इंजिन) महाग पडतो, पण त्याला वॉरंटी असते आणि गाडी लवकर रस्त्यावर येते. ज्याचे पोट रोजच्या फेऱ्यांवर आहे त्या टॅक्सीवाल्याने बुडणाऱ्या दिवसांचा हिशेबही या तुलनेत धरावा.

कुर्ल्याच्या बाजारातून किंवा स्क्रॅपमधून जुने इंजिन आणण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी त्याला सरसकट विरोध करत नाही, पण अटी कडक ठेवतो. ज्या इंजिनाची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी आपल्यासमोर करू दिली जात नाही ते घेऊ नये. त्याचा इंजिन नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे, पक्के बिल मिळाले पाहिजे आणि ते ज्या गाडीतून निघाले तिची कागदपत्रे पाहायला मिळाली पाहिजेत. नंबर घासलेले इंजिन फुकटातही नको. इंजिन बदलले की आरसी पुस्तकातला नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाची नोंद नोंदणी प्राधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि आधी परवानगी न घेता इंजिन बदलले असेल तर १४ दिवसांच्या आत कळवावे लागते. म्हणून काम सुरू करण्याआधीच एमएच ०४ असेल तर ठाण्याच्या, एमएच ४३ असेल तर नवी मुंबईच्या आरटीओत विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. नवा ब्लॉक बसवतानाही नंबर बदलतो, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

पैशांच्या बाबतीत माझा ठोकताळा असा की पूर्ण कामाचे एस्टिमेट गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यापलीकडे गेले तर थांबून विचार करावा. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्चही त्यात मिळवावा. समुद्राच्या खाऱ्या हवेने चेसिस आणि फ्लोअर गंजलेले असतील तर त्या पत्र्यात नवे इंजिन घालण्यात अर्थ नाही. पण बॉडी खणखणीत असेल आणि मालक गाडी आणखी पाच-सात वर्षे ठेवणार असेल, तर माहीत असलेले आपले इंजिन नीट बांधणे हे अनोळखी जुन्या इंजिनापेक्षा मला नेहमीच बरे वाटते.

इंजिन बांधल्यानंतर

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारावा, म्हणजे बेअरिंग कोरडे फिरणार नाहीत. सुरू झाल्यावर गाडी तासन् तास आयडलवर उभी करून ठेवू नये. रिंग बोअरवर बसायला सिलिंडरमध्ये दाब लागतो आणि तो दाब मध्यम भार देऊन चालवल्यानेच मिळतो. पहिले काही दिवस पाम बीच रस्त्यावर एकाच वेगाने रपेट करण्यापेक्षा वेग कमीजास्त करत चालवावी, ओव्हरलोड टाळावा आणि ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल आणि फिल्टर बदलावेत. त्याच वेळी कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे आणि चारही सिलिंडरांचे आकडे, किलोमीटर आणि तारीख बिलाच्या मागे लिहून द्यावेत, म्हणजे पुढच्या वेळी ही गाडी कोणाच्याही हाताखाली गेली तरी त्याला तुलनेसाठी पहिला आकडा मिळेल.